माझं आडनाव, फिनलोची गाडी

३ मार्च, सकाळी ८
न्याहारीला वोरीने जाहीर केलं की यंदाच्या मोटार रॅलीत ती माझ्या शेजारी बसणार नाही, फिनलो केरुइशच्या शेजारी बसणार आहे. मी म्हणालो, अरे वा! टोस्टला दोन्ही बाजूंनी लोणी लागलं. सुरी बोथट आहे.

अकरा वर्षं मी गाडी हाणली आणि वोरीने शेजारी बसून वळणांची वही वाचली. अख्ख्या मॅन बेटावर नवरा-बायकोची अशी जोडी आमची एकच. पण मी हेवा करणारा माणूस नाही. तो स्वभावच नाही. फिनलो शाळेची बस चालवतो, एवढं फक्त नोंदवून ठेवतो.

संध्याकाळी ६
कारण काही सापडत नाही. गेल्या मेमध्ये तर सगळं छान होतं. गटात सातवे आलो. पेपरवाल्याने विचारलं, नॅव्हिगेटरचं महत्त्व किती? मी सांगितलं, शेजारी कोणीही बसलं तरी चालतं, रस्ता माझ्या डोक्यात आहे. छापून आलं ते. वोरीने कात्रण फ्रिजवर लावलं, अजून तिथेच आहे. अभिमान असल्याशिवाय कोण लावेल?

९ मार्च
नवा नॅव्हिगेटर मिळाला: आतेभाऊ ऑरी. चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो, म्हणजे समोरचं वाचत हातपाय हलवायची सवय आहे. आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, इलियम, तू माझं ऐकणार असशील तर येतो. मी म्हणालो, अरे, न ऐकायला झालंय काय?

संकल्प: १. फिनलोला हरवायचं. २. ते सहज हरवल्यासारखं दिसलं पाहिजे.

२१ मार्च
फिनलो घरी आला. 'वह्यांच्या तयारीसाठी' म्हणे. वय चौतीस, डोक्यावर सगळे केस. येताना स्वतः भाजलेला बोनॅग घेऊन आला. पाव फार कोरडा होता. चार तुकडे खाऊन खात्री केली.

नंतर ती दोघं स्वयंपाकघरात बसली. मी चोरून ऐकत नव्हतो. जिन्याची तिसरी पायरी वाजते म्हणून चौथीवर उभा होतो, इतकंच. वोरी वळणं वाचत होती: उजवं चार, लांब, मग डावं तीन, कोपरा कापू नकोस. तो म्हणत होता: बरं. एवढंच. बरं! नंतर दोघं हसली. डावं तीनमध्ये हसण्यासारखं काय असतं?

औषधांच्या दुकानात दिवसभर डॉक्टरांचं अक्षर वाचून ती घरी दमून येते. माझ्याशी बोलायला तिच्या अंगात त्राण नसतं. आज पावणेदोन तास बोलत होती.

५ एप्रिल
वजन कमी करायचं. पाच किलो गेले की प्रत्येक चढावर सेकंद वाचतो. आजपासून चिप्स, चीज, ग्रेव्ही बंद.

५ एप्रिल, दुपारी १:३०
एकदम बंद केल्याने तब्येतीला धक्का बसतो असं वाचलं. उद्यापासून.

१९ एप्रिल
रस्त्यांची पाहणी. आज साध्या वेगाने जाऊन वळणांना नंबर द्यायचे. एक म्हणजे जवळजवळ उलटं फिरणं, सहा म्हणजे ॲक्सिलरेटरवरून पाय न उचलता जाणं. दरवर्षी हे वोरीच लिहायची, मी खिडकीतून ओळखीच्यांना हात करायचो. ऑरी मात्र कोनमापक घेऊन आला! दर वळणाला गाडीतून उतरून बघतो. एक मेंढी त्याच्याकडे पाहत राहिली. मीही.

परतताना माझं गुपित त्याला सांगितलं. नॅव्हिगेटरने जो नंबर वाचला, त्याच्यापेक्षा एक नंबर वेगाने मी घेतो. तीन म्हटलं की चारचा वेग. अकरा वर्षं असंच, आणि एकदाही रस्ता सोडला नाही. ऑरीने विचारलं, मग चारच का नाही लिहायचं? मी म्हणालो, ते तुला नाही कळायचं. ते रक्तातच असावं लागतं. त्याने कोनमापक खिशात ठेवला. भारावला असणार.

२ मे
वोरीने नवं हेल्मेट घेतलं. निळं. फिनलोची गाडी निळी आहे. योगायोग असेल.

माझी गाडी पिवळी. अकरा वर्षं ती पांढरं हेल्मेट घालत होती. पिवळं मिळतं का, हे तिने कधी विचारलं नाही. मीही नाही, पण मी कामात असतो. वसंतात सगळ्या रॅम्झी गावाची गवत कापायची यंत्रं माझ्याच दुकानात दुरुस्तीला येतात.

७ मे
गाड्यांची तपासणी. रांगेत फिनलोची गाडी माझ्या पुढे. मागच्या काचेवर नावं लावली होती: केरुइश, खाली क्रिगीन. माझं आडनाव! माझ्या बापजाद्यांचं आडनाव या माणसाच्या काचेवर, आणि तेही खाली.

मी सहज म्हणालो, स्टिकर किंचित वाकडं लागलंय. फिनलो म्हणाला, अरेच्चा, आभारी आहे हं मिस्टर क्रिगीन. आणि काढून सरळ लावलं. मिस्टर! मी त्याच्याहून पंधराच वर्षांनी मोठा आहे.

वोरीने मला बाजूला घेतलं. म्हणाली, इलियम, उद्या ऑरीचं नीट ऐक. त्याने लिहिलंय ते खरं आहे. मी म्हणालो, तू तुझ्या ड्रायव्हरचं बघ. आणखी काही सांगणार होती, पण फिनलोने हाक मारली आणि ती गेली. धावत गेली. माझ्या हाकेला तिला धावताना मी पाहिलेलं नाही.

८ मे, संध्याकाळी ७
पहिला दिवस. दोन टप्पे. फिनलो आणि वोरी आमच्यापेक्षा एकोणीस सेकंदांनी पुढे. कारणं: टायर थंड. सूर्य डोळ्यांवर. ऑरी पऱ्यांच्या पुलावरून जाताना 'त्या मंडळींना' नमस्कार करायला विसरला, आणि आपल्याकडे तसं करून कोणाचं भलं झालंय? शिवाय ऑरी सारखा ओरडत होता, जास्त होतंय, जास्त होतंय. दोनदा गाडी बांधाला घासली. बांध पुढे आलेत. गेल्या वर्षी नव्हते.

टप्पा संपला की फिनलो तिला थँक यू म्हणतो. प्रत्येक वेळी. मी स्वतः ऐकलं. दिखाऊपणा, दुसरं काय.

उद्या आणखी जोर लावायचा.

९ मे, सकाळी ११:२०
हे शेतात बसून लिहितोय. कर्क मायकल गावाच्या अलीकडे. ऑरीने उजवं चार म्हटलं. मी पाचने घेतलं. रस्ता चारच निघाला.

बांध ओलांडून गाडी काटेरी झुडपांतून मिसेस फॅरघरच्या सलगमांत उतरली. आम्ही दोघं धडधाकट. मिसेस फॅरघर चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, इथे गेल्या वीस वर्षांत कोणी आलं नव्हतं, बरं वाटलं. ऑरी त्यांच्या पायरीवर बसून कसलंतरी भजन गुणगुणतोय. माझ्याकडे पाठ करून.

मागच्या गाड्यांना कळावं म्हणून 'ओके'ची पाटी धरून बांधावर उभा राहिलो. फिनलोची गाडी आली. काय आली! एकही चाक गवताला लागलं नाही. वोरीने वहीतून मान वर केली नाही. नॅव्हिगेटरने करायचीही नसते. मीच शिकवलं तिला. (तिने मला.)

ती गेल्यावरही मी पाटी धरून उभा होतो. मार्शल म्हणाला, बाबा रे, खाली घे आता, सगळ्या गाड्या गेल्या.

९ मे, संध्याकाळी ६
ते गटात दुसरे आले. चषक आमच्या स्वयंपाकघरात आहे. ब्रेडच्या डब्याशेजारी. छोटाच आहे.

१० मे
आज विचारलंच. म्हणालो, अकरा वर्षं तू वाचलंस तेव्हा असं कधी झालं नाही. ऑरीच्या वहीत काहीतरी चूक आहे.

वोरीने कप खाली ठेवला. म्हणाली, चूक नाही. चूक माझ्या वहीत होती. पहिल्याच वर्षी मला कळलं, तू एक वाढवतोस. म्हणून मी एक कमी लिहायला लागले. चार असेल तिथे तीन. दर वळणाला, दर वर्षी.

मी म्हणालो, अशक्य. कपाटातून अकरा वह्या काढल्या. ऑरीची शेजारी ठेवली. तासभर ताडून पाहिलं. सलबीचं उजवं: ऑरी पाच, वोरी चार. चर्चमागचं डावं: ऑरी तीन, वोरी दोन. पुढे पाहवेना.

विचारलं, तू सांगितलं का नाहीस? म्हणाली, तपासणीच्या दिवशी सांगायला आले होते. आणि त्याआधी सांगितलं असतं तर तू दोन वाढवले असतेस.

हे तर खरंच.

मग मनात होतं ते बोलून टाकलं. फिनलो आवडतो का तुला? ती हसली नाही. रागावलीही नाही. म्हणाली, फिनलोला मी चार म्हणते, तो चार घेतो. गाडीत बसून खरं बोलता येतं रे. अकरा वर्षं तुझ्या शेजारी खोटं वाचत होते मी, इलियम. जीव मुठीत धरून.

गालावर थप्पड बसली असती तर बरं वाटलं असतं. दुसऱ्याबरोबर पळाली असती तर लोकांना सांगता तरी आलं असतं. दुसऱ्याशी खरं बोलते, हे कोणाला सांगू?

१७ मे
फ्रिजवरचं कात्रण काढलं. तिने पाहिलं. रात्रीच्या जेवणाला क्वीनीज शिंपल्या केल्या. बेकन घालून.

२३ मे
पीलला जाताना वोरीला म्हणालो, वाच. खरं वाच. सगळे नंबर तिच्या तोंडपाठ आहेत. तिने चार म्हटलं, मी चार घेतला. तीन म्हटलं, तीन. साध्या वेगाने, समोरून एक ट्रॅक्टर. तरीही दर वळणाला पाय आवरावा लागला. पीलला पोचल्यावर मी थँक यू म्हणालो. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

धीर आला. म्हणालो, मग पुढच्या वर्षी आपण दोघं?

ती म्हणाली, पुढच्या वर्षीचा शब्द फिनलोला कालच दिला.

बंदरावर बसून थंड झालेल्या चिप्स संपवल्या.

२५ मे
फिनलो दुकानावर आला. टोपी हातात. म्हणाला, मिस्टर क्रिगीन, आम्हाला एक मेकॅनिक हवाय, पण तुम्हाला विचारायची हिंमत होत नव्हती. मी ताठ मानेने सांगितलं, विचार करून कळवतो. माझाही काही मान आहे.

२५ मे, दुपारी ४
कळवलं. उद्या सात वाजता त्याच्या शेडवर जायचंय. इंजिनाचं त्याने काय वाटेल ते करावं, ब्रेक मात्र मी स्वतः खोलणार. त्या गाडीत माझी बायको बसते.