बोल्टखालचा रंग

मी, खाली सही करणारी, मोटारसायकलींच्या वायरिंगची कामे करून पोट भरलेली आणि लग्नाच्या भानगडीत न पडलेली बाई, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाचे तसे नाही असे डॉक्टर म्हणतात, आणि जिना चढताना मलाही ते पटते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. तेवढी उसंतच मिळाली नाही.

कलम पहिले. दुकानावरच्या माझ्या दोन खोल्या, त्यातले सामान आणि औषधपाण्यातून बँकेत उरेल ते, सगळे माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला द्यावे. तिने माझ्या बाकावर काम शिकले आणि आता माझ्यापेक्षा तिचाच हात जास्त चालतो. मागची खिडकी हिसका दिल्याशिवाय लागत नाही. ती मी दुरुस्त करणार होते. आता माझ्याने होत नाही.

कलम दुसरे. मीटर, सोल्डरिंग गन, पकडी आणि बाक हेही भाचीचे. बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प माझ्या वडिलांचा आहे. ते टेलिफोनचे लाइनमन होते, आयुष्यभर खांबांवर चढले. भाचीने मीटरच्या आधी हा दिवा लावून पाहावा. आतल्या एकाच बारीक तारेवर लोंबकळणाऱ्या वायरीलाही मीटर ठणठणीत म्हणतो. दिवा पेटायला मात्र खरा करंट लागतो. गिऱ्हाईक सांगेल की बॅटरी गेली, कॉइल गेली. त्याचे ऐकून घ्यावे, मान डोलवावी आणि आधी अर्थिंग तपासावे. करंट गेला की तो परतही यावा लागतो, आणि तिकडे कोणी बघत नाही.

कलम तिसरे. बँकेतले साहेब फ्यूज उडाला की त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून घालतात, आणि सगळे वायरिंग जळाले की माझ्या नावाने बोंब मारतात. त्यांना माझ्याकडून फ्यूजचे एक पाकीट द्यावे. सोबत काही बोलू नये. मी बोलून दमले आहे.

कलम चौथे. वडिलांची मोटारसायकल. हे दुकान माझे आणि धाकट्या भावाचे मिळून होते. तो गाड्या रंगवतो, मी वायरिंग करते. वडील गेल्यावर आम्ही त्यांची गाडी पूर्ण खोलली. भावाने सांगाड्यावर थरावर थर दिले, घासले, पुन्हा दिले. इतके सुंदर काम त्याने आधी केले नव्हते आणि नंतरही केले नाही. फक्त अर्थिंगची वायर जिथे सांगाड्याला बोल्टने बसते, तिथेही त्याने रंग चढवला आणि वरून बोल्ट आवळला.

गाडी चालू झाली, पण हॉर्न दाबला की हेडलाइट मंदावायचा. ब्रेक दाबला की इंजिन खोकायचे. करंटला परत यायला धड वाट नाही, म्हणून तो क्लचच्या केबलमधून यायचा आणि केबल हाताला चटका द्यायची. मी भावाला सांगितले, बोल्टखालचा रंग नाण्याएवढा खरवड. त्याने चार गिऱ्हाइकांसमोर मला सुनावले की वायरिंग हिचे कच्चे आणि खापर माझ्या रंगावर. माझ्या रंगाला पाना लावायचा नाही, असेही म्हणाला. मग तूच खरवड, मी हात लावणार नाही, असे मी म्हटले. त्याने बॅटरी बदलली, कॉइल बदलली, स्विच बदलला. बोल्ट सोडला नाही. त्याच महिन्यात दुकानाच्या मधोमध प्लायवुड उभे राहिले, आणि तेव्हापासून आमचे बोलणे भाचीमार्फत चालते: आत्या विचारते, बाबा म्हणतात.

गाडी माझ्या बाजूला कापडाखाली आहे. गावभरच्या गाड्या मी चालू केल्या, घरची तेवढी राहिली, आणि हे मला आतून खाते. मरण्याआधी ती धड चालू झालेली ऐकावी आणि ती त्याने चालू करावी, एवढीच माझी इच्छा आहे. ते नाही झाले तरी गाडी भावाला द्यावी, पण त्या बोल्टखालचा रंग त्याने स्वतःच्या हाताने खरवडला तरच. माझ्यामागे महिन्याभरात खरवडला नाही, तर ती भंगारवाल्याला द्यावी.

कलम पाचवे. वरचे कलम रद्द समजावे. नवा कागद करायचे त्राण नाही, म्हणून पुढे लिहिते.

साक्षीसाठी शेजारचा टायरवाला आला. दुसरा साक्षीदार म्हणजे झेरॉक्सवाला, तो दुकान बंद करून कुठे गेला कोण जाणे. टायरवाल्याला कमी ऐकू येते, म्हणून मी कागद मोठ्याने वाचून दाखवला. चौथे कलम जरा जास्तच मोठ्याने वाचले. प्लायवुडपलीकडचा भावाचा रंग फवारायचा कॉम्प्रेसर मध्येच बंद झाला.

मग भाऊ रस्त्याने वळसा घालून आला, कारण प्लायवुडला दार नाही. हातात पॉलिश पेपर होता. माझ्याकडे न बघता त्याने कापड ओढले, सीट काढली, बोल्ट सोडला आणि घासायला लागला. लोखंड चकाकले तरी घासतच राहिला.

"बास," मी म्हटले. "ग्रीस लाव, नाहीतर गंज चढेल."

त्याने ग्रीस लावले. भाचीने बॅटरी जोडली. पोरगी गुपचूप कार्ब्युरेटर साफ ठेवत होती, हे मला तेव्हा कळले. तिने किक मारत मारत अखेर गाडी चालू केली. भावाने हॉर्न दाबला. हेडलाइट मंदावला नाही. त्याने पुन्हा दाबला, पुन्हा दाबला, टायरवाल्यालाही ऐकू आले.

नंतर त्याने माझ्या हातातले पेन घेतले. मी अडवले. मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, सही केली तर त्याचा वाटा जातो, असे वकिलांनी बजावले होते. ते त्याला सांगितले.

"मग गाडी पोरीला दे," तो म्हणाला. "सही मी करतो, ताई."

ताई ही हाक त्याच्या तोंडून मी प्लायवुड उभे राहिल्यापासून ऐकली नव्हती. मला रडू आले, हे इथे नमूद करते.

तेव्हा गाडी भाचीला द्यावी. प्लायवुड काढून तिने बाकावर फळ्या माराव्यात, वायरी कायम जमिनीवर पडलेल्या असतात.

माझे सांगायचे संपले. आता सही करून जरा पडते.

ठिकाण: दुकान, वायरिंगची बाजू
दिनांक: १८ मार्च, दुपार

सही: लिहून देणारी, वायरिंगवाली ताई

साक्षीदार पहिला: शेजारचा टायरवाला. सही केली. काय लिहिले आहे ते दोनदा विचारून घेतले.

साक्षीदार दुसरा: रंगारी, लिहून देणारीचा धाकटा भाऊ. यातून त्याला काही मिळणार नाही, हे सहीआधी वाचून दाखवले. समजले का, असे विचारले. "मिळालं," एवढेच म्हणाला आणि सही केली.