तबकातलं पांढरं फूल

ह्वे, व्हिएतनाम
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

प्रिय पंचफुलामावशीस,
सप्रेम जय भीम.

मी सुखरूप आहे. जेवण मिळतं, पोट ठीक आहे आणि पासपोर्ट तू शिवून दिलेल्या पिशवीत गळ्यातच आहे. फोनवर तू हे तीनच प्रश्न विचारतेस, म्हणून आधी त्यांची उत्तरं देऊन टाकली. आपल्या दोघींचं फोनवरचं बोलणं यापुढे कधी जातच नाही, म्हणून हे पत्र. पानांचे फोटो शेजारच्या मेघाला पाठवते. ती झेरॉक्सवाल्याकडून कागदावर काढून तुला आणून देईल. वाचू नकोस, असं तिला बजावलंय. म्हणजे ती वाचणार.

लिन्ह मजेत आहे. नालवाडीत आपल्या वरच्या खोलीत राहून हिंदी शिकलेली ही पोरगी आता इथे भारतातून आलेल्या लोकांना हिंदीत शहर दाखवत फिरते. हिंदी तिला विद्यापीठाने शिकवली असेल, पण वऱ्हाडी तुझी. विमानतळावर मला बघून आधी "मावशीनं काय धाडलं?" हेच विचारलं. तुझं तिखट आणि वायगावची हळद हातात दिली, तर तिथेच पुडी नाकाशी धरून उभी राहिली. मी कशी आले, प्रवास कसा झाला, ही चौकशी नंतर.

काल तिने मला स्कूटरवर बसवून गावभर फिरवलं. इथे स्कूटर इतक्या, की रस्ता ओलांडायचा तर थांबायचं नाही, सावकाश चालत राहायचं. त्याच आपल्याला चुकवून जातात. मी पहिल्यांदा लिन्हचा दंड इतका आवळला की तिला वळ उठला. गावाच्या मधोमध नदी आहे, आपल्या धामपेक्षा कितीतरी रुंद. काठावर बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर लोक गुडघे हनुवटीला लावून कॉफी पितात, आणि त्या कॉफीत मीठ घालतात. साखर नव्हे, मीठ. मी तोंड वाकडं करायच्या तयारीनेच घोट घेतला आणि दुसरा पेला मागितला. मग तांदळाच्या पिठाचे वाफवलेले, एका घासाचे घावन. प्रत्येक घासाला वेगळी बशी. घासणाऱ्या बाईची मला कीव आली, तरी माझ्या बारा बशा झाल्याच.

काल पुनव होती, इथल्या सातव्या महिन्यातली. गल्लोगल्ली लोक दारापुढे कागद जाळत होते. कागदाचे सदरे, कागदाच्या चपला, एका घरी तर कागदाचा मोबाईल. गेलेल्या माणसांना तिकडे पोचतं म्हणे सगळं. चार्जरही जाळतात का, असं मी विचारलं, तर लिन्ह म्हणाली, जाळतात. बाबा असते तर त्यांनी तिथेच उभं राहून अंधश्रद्धेवर अर्धा तास भाषण दिलं असतं. माझ्याही तोंडावर आलं होतं. पण एक बाई कागदी सदरा आगीत टाकायच्या आधी त्याची कॉलर सरळ करत होत्या.

बाबांचा विषय निघालाच आहे तर... नको, आधी विहाराचं सांगते.

विहार गावाबाहेर टेकडीवर, उंच सुरूच्या झाडांत. आत बुद्धाची मूर्ती दिसली आणि घरी आल्यासारखं वाटलं, बाकी सगळं निराळं. भिक्खूंची वस्त्रं करडी. लाकडाच्या पोकळ माशावर टकटक ठोके देत सूत्रं म्हणतात. मला एक अक्षर कळेना. मी आपलं मनातल्या मनात त्रिशरण-पंचशील म्हणून घेतलं.

पण त्याआधी दारात एक गंमत झाली. म्हणजे तेव्हा मला ती गंमत वाटली.

लिन्ह स्कूटर लावायला गेली होती. दारात एक मुलगी तबक घेऊन उभी, तबकात गुलाब, काही तांबडे, काही पांढरे. तिने काहीतरी विचारलं. मी पांढरा उचलला. आपलं कोणतं चांगलं काम पांढऱ्यावाचून होतं? लग्नाची साडी पांढरी, पौर्णिमेला विहारात जायचं ते पांढऱ्यात. मुलीने फूल माझ्या ओढणीला लावलं आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. मागच्या म्हाताऱ्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, काय प्रेमळ लोक आहेत, पाहुण्याचं किती कौतुक. मी हसून सगळ्यांना जय भीम केला.

लिन्ह आली आणि माझ्या ओढणीकडे बघतच राहिली. मग तिने सांगितलं. हा आईचा सण आहे. ज्याची आई आहे त्याने तांबडं लावायचं, ज्याची गेली त्याने पांढरं. "रोशनी, पांढरं काऊन घेतलं तू? मावशी हाय ना," ती म्हणाली.

मी म्हटलं, चुकून घेतलं, पण बरोबरच आहे की. मी चार वर्षांची असताना आई गेली, तुला ठाऊक आहे.

"ठाऊक हाय मले. मंग मावशी कोण हाय तुई?"

तबकवाली मुलगी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती.

मग आम्ही पायऱ्यांवर बसलो. लिन्हने स्वतः पांढरं लावलं होतं. कोविडमध्ये तिची आई गेली तेव्हा ती आपल्या वरच्या खोलीत अडकली होती, विमानं बंद होती. मी बँकेत कामावर गेले होते. तू तिला मांडीवर घेतलंस आणि तिन्हीसांजेपर्यंत उठली नाहीस, हे मला काल कळलं. तेव्हा तू तिला काय म्हणालीस, तेही तिने सांगितलं, तुझ्याच शब्दांत. "माही पोर माह्याजवळ कधी अशी रडली नाई. तू रड, मले बरं वाटते."

मावशी, मला ते ऐकून खूप लाज वाटली.

बाबांशी लग्न करून तू घरात आलीस तेव्हा मी सहा वर्षांची होते. आजीने सांगितलं, हिला मावशी म्हणायचं, आणि मी तेवढंच धरून बसले. दुसरीत असताना तू शाळेत डबा घेऊन आलीस. मैत्रिणींनी विचारलं, या कोण? मी म्हणाले, आमच्याकडे कामाला येतात. तू दारातच होतीस. तू ऐकलंस का, हे विचारायची मला आजवर हिंमत झाली नाही. ऐकलं असणारच. दुसऱ्या दिवशीही तू डबा आणलास, फक्त फाटकाबाहेर थांबलीस.

आणि आता बाबांचं. ते गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला चार माणसांत तू म्हणालीस, "घर रोशनीचं हाय. मी आपली अल्लीपूरले जातो." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पाण्याचे पेले गोळा करायला उठले. सात महिने मी ते पेलेच गोळा करते आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतर शेषरावमामा तुला न्यायला येणार, तू पेटी आवरायला काढलीस, तेही मी बघितलं आणि इकडे निघून आले. तू जावंस असं मला वाटत नव्हतं. राहा म्हणायचं तर कोणत्या तोंडाने, असं वाटत होतं.

पायऱ्यांवरून उठले आणि त्या मुलीकडे परत गेले. पांढरं काढलं नाही, ते माझ्या आईचं. तांबडं मागितलं. तिने आधी नकारार्थी मान हलवली, एका माणसाला एकच. लिन्ह बराच वेळ तिच्याशी त्यांच्या भाषेत बोलली. मग त्या मुलीने मला थेट विचारलं आणि लिन्हने त्याचं वऱ्हाडी केलं: आई हाय का?

मी हो म्हणाले.

आता हे नीट वाच. अल्लीपूर तुझं माहेर आहे. माहेरी चार दिवस जातात, तशी जा, मामाला मी सांगेन. पेटी घरीच ठेव. मी रविवारी, चौदाला पोचते. तोंडाने मावशीच म्हणेन, सव्वीस वर्षांची सवय आहे, ती सुटेल असं वाटत नाही. पण दार तू उघड.

तुझी पोर,
रोशनी