पोटातलं रक्त पुन्हा जागं झालं

मंगळवार, संध्याकाळ

दवाखान्यातलं ते बोलणं अजून डोक्यातून जात नाहीये. पोटातलं रक्त!

सिकलसेल असूनही, रोजच्या गोळीमुळे हा अख्खा हिवाळा मला ॲडमिट व्हावं लागलं नाही. रिपोर्ट बघून डॉक्टर मॅडम खूश. गावाहून, पेठहून मुद्दाम आलेल्या आईने विचारलं, "ह्या गोळीनं नेमकं व्हतं काय?"

मॅडमनी सांगितलं, पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. जन्मानंतर त्याचं जनुक जवळजवळ बंद होतं आणि दुसरं काम करू लागतं. माझं ते दुसरं जनुकच सदोष. म्हणून रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात आणि हाडं ठणकतात. ही गोळी त्या बंद जनुकाला पुन्हा थोडं कामाला लावते.

आईने माझ्याकडे बघितलं. मग, "म्हंजी माझ्या पोटात व्हती तवाचं रगत हाय तिच्यात?"

"तसंच, थोडंसं," मॅडम म्हणाल्या.

आईच्या डोळ्यांना धार. बाहेर आल्यावर म्हणाली, "तुझ्या बापाकडून नि माझ्याकडून आलं हे तुला. मला वाटायचं, म्या पोरीला दुखणंच दिलं."

माझे पाय शेकताना ती हेच मनात धरून बसायची? मी फक्त तिचा हात धरला. त्या झोपलेल्या जनुकाचे आभार मानायचे तरी कसे?

एसटी सुटताना ती खिडकीतून ओरडली, "गोळी चुकवू नको!" दर वेळी तेच सांगते. पण मला सोडून जाताना ती हसतेय, हे आज पहिल्यांदा पाहिलं.