अर्जातलं वडिलांचं नाव

मोलम्याइन
थडिंजुतच्या पौर्णिमेआधी आठ दिवस

प्रिय खिन टिंट,

तू दुरुस्तीला पाठवलेला आपला जुना टाइपरायटर चालू झाला. हे पत्र त्याच्यावरच टाइप करतोय. अक्षरं थोडी वरखाली दिसतील. त्यातला निम्मा दोष यंत्राचा, निम्मा एक्याऐंशी वर्षांच्या बोटांचा. तू निरोप पाठवलास की पौर्णिमेला नातीला घेऊन येते, दरवर्षीसारखी गुरुजींच्या पाया पडते आणि जाताना यंत्र घेऊन जाते. त्या पाया पडण्याबद्दलच मला तुला काही सांगायचंय. तोंडाने सांगणं अडतीस वर्षांत जमलं नाही, आता आठ दिवसांत काय जमणार? म्हणून लिहितोय.

पण आधी यंत्राचं सांगतो. लाजेची गोष्ट माणूस मागे ढकलतोच, मी काही वेगळा नाही. तुझ्या जावयाने त्यात शिलाईमशीनचं तेल ओतलं होतं, खरं ना? हेतू चांगला असेल पोराचा, पण त्या तेलावर वीस वर्षांची धूळ बसून असा चिकटा झाला होता की एक कळ दाबली की चार कळा तिच्यासोबत वर यायच्या. तीन दिवस रॉकेल आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन बसलो. एकेका अक्षराच्या पोटातली शाई सुईने काढली. कागदाची गाडी ओढणारी पट्टी तुटलेली होती, तिथे कोळ्याकडून मासे धरायची नायलॉनची दोरी आणून बांधली. रोलर दगडासारखा झाला होता, तो पॉलिशकागदाने घासून थोडा नरम केला. रिबनीला शिक्क्याची शाई पाजली. तुझी काकू दारात उभी राहून बघायची आणि म्हणायची, "जन्मभर ही सवत सहन केली, आता म्हातारपणी तिला आंघोळी घालताय. माझे पाय कधी चेपलेत का?" मग तीच दुपारी लापेतची, मुरवलेल्या चहापानांची बशी आणून ठेवायची आणि स्क्रू गडगडत गेले की माझ्याआधी वाकून शोधायची.

कचेरीसमोरचं ते झाड तोडलं, कळलं का तुला? मागच्या महिन्यात रस्ता रुंद केला. आपलं अर्ज टाइप करायचं टेबल जिथे असायचं तिथे आता मोटारसायकली लावतात. तू पहिल्यांदा आलीस तेव्हा एकोणीस वर्षांची होतीस, वडिलांच्या मागे लपून उभी. तुझे वडील ऊ साँ ला मला म्हणाले होते, "पोरगी हुशार आहे, बोलत मात्र नाही. तुमच्या यंत्राला तरी बोलायला लावेल." सहा महिन्यांत तू माझ्यापुढे गेलीस. मला चाळिशीतच डोळ्यांनी दगा दिला होता, दुपार झाली की ओळी एकमेकींत मिसळायच्या. लोक येऊन सरळ विचारायचे, "ती मुलगी कुठाय? अर्ज तिच्याकडूनच हवाय." मी हसायचो. रागही यायचा, पण टेबल तुझ्यामुळे चालतंय हे मला तुझ्याआधी कळलं होतं.

आता परवाची गोष्ट. सगळं जोडून झालं, कागद घातला आणि यंत्र तपासायला काहीतरी टाइप करायचं होतं. आपला हात कशावर जातो तुला ठाऊक आहे. अर्जाच्या पहिल्या ओळीवर. अमुक यांची मुलगी, अमुक. माझ्या हातांनी मला न विचारता तुझ्या अर्जाची ओळ उमटवली, आणि वडिलांच्या नावाच्या जागी पुन्हा तेच नाव टाइप केलं जे त्या दिवशी केलं होतं. ऊ साँ ला नव्हे, ऊ बा टिंट. काकूला वाटलं यंत्र बिघडलं, कारण मी कागद लगेच ओढून काढला.

खिन टिंट, ती चूक नव्हती. यांगोनच्या सरकारी खात्यात टाइपिस्टची जागा निघाली, तुझी निवड होणार हे सगळ्या कचेरीला माहीत होतं. अर्ज तू माझ्या हातचा हवा म्हणालीस, गुरुजींचा हात शुभ असतो म्हणून. आपल्यात आडनाव नाही, एका गावातल्या दोन खिन टिंट बापाच्या नावावरूनच वेगळ्या होतात, हे मीच तुला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. त्याच जागी मी परक्या माणसाचं नाव टाकलं, जाणूनबुजून, सकाळीच, डोळे लख्ख असताना, तू गेलीस तर टेबल बसेल म्हणून. तू न वाचता सही केलीस, कारण कागद माझा होता. ओळखपत्राशी जुळत नाही म्हणून अर्ज मुदत संपल्यावर परत आला, आणि पुढच्या भरतीच्या वेळी तुला सव्विसावं लागलेलं होतं, वयाची अट ओलांडली होती. तू माझ्याकडे येऊन काय म्हणालीस आठवतंय? "गुरुजी, वाचून सही करायला हवी होती, माझंच चुकलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." मी म्हणालो, त्या दिवशी फार अर्ज होते, ऊनही फार होतं. तुझे वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. ते हसून म्हणाले, "कारकुनाने माझी लेकच दुसऱ्याला देऊन टाकली." मीही त्यांच्यासोबत हसलो. त्या हसण्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

पुढे तेरा वर्षं तू त्या झाडाखाली धुळीत, उन्हात बसलीस. पेन्शन नाही, पंखा नाही. आणि थोरांची क्षमा मागायच्या सणाला, दर थडिंजुतला, केळी, नारळ, माझ्यासाठी नवी लुंगी घेऊन यायचीस. चटईवर गुडघे टेकून म्हणायचीस, कायेने, वाचेने, मनाने माझ्याकडून काही अपराध घडला असेल तर क्षमा करा. मी डोळे मिटून आशीर्वाद द्यायचो. क्षमा करण्यासारखं तुझ्याकडे कधी काही नव्हतंच, आणि माझ्याकडे होतं त्याचं नाव मी कधी घेतलं नाही. गेल्या वर्षी तू नातीला सांगितलंस, "यांनी टेबल दिलं म्हणून आपलं घर उभं राहिलं." पोरीने माझ्याकडे इतक्या आदराने पाहिलं की मी पाणी प्यायला म्हणून आत निघून गेलो.

आता ती छोटीही माझ्यापुढे वाकणार, हे मला सोसणार नाही. म्हणून हे पत्र. वडीलधाऱ्याने धाकट्यापुढे गुडघे टेकले तर धाकट्याचं आयुष्य घटतं म्हणतात, नाहीतर मी तुझ्या दारात येऊन तेच केलं असतं. यंत्र मी ठेवून घेतलेलं नाही. हे पत्र घेऊन येणाऱ्या रिक्षातच ते आहे, गोणपाटात गुंडाळून, यंत्राची गाडी हलू नये म्हणून दोरीने बांधून. उतरवताना खालून धर. म्हणजे यंत्रासाठी तुला माझ्याकडे यावं लागणार नाही, आणि नातीला काय सांगायचं हेही तूच ठरव. पौर्णिमेला मी घरीच असेन. चटई घालणार नाही. तू आलीस तर उभ्यानेच मला जे बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन. नाही आलीस तर का नाही आलीस, ते मी काकूला स्वतः सांगेन.

तुझाच,
फो न्युंत