बिनविरोध

जांभूळदरा, ता. आंबेगाव
२ जानेवारी १९९२

ती. सोमनाथभाऊ यांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

आम्ही सगळे खुशाल. मामा अल्जेरियात विमानात बसून गणित शिकवतो, असं राजरत्न बालवाडीत सांगत फिरतो. मी त्याला दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नाही.

मुख्य बातमी अशी की, मी ग्रामपंचायतीला उभी राहिले आहे. राखीव जागेवर गाव आपल्या ऐकण्यातला माणूस बसवतं, म्हणून मी खुल्या जागेवर अर्ज भरला. तेव्हापासून गावात बैठकांवर बैठका चालल्या आहेत. दर खेपेला देवळात बसून सदस्य ठरवायचे आणि निवडणूक बिनविरोध करायची, ही इथली रीत तुम्हाला माहीतच आहे. परवा गावचे पुढारी रखमाजी तात्या आले. ज्यांनी आपल्या घरचं कधी पाणी घेतलं नाही त्यांनी चहा घेतला, वर अजून अर्धा कप मागितला. म्हणाले, गावात फूट पडेल, माघार घे, पुढच्या खेपेला बघू.

माघारीची मुदत सहा फेब्रुवारीपर्यंत आहे. वडील गेल्यापासून तुम्हीच मोठे. काय करू ते कळवा. तिकडंही मतदान झालं असं रेडिओवर ऐकलं. सांभाळून राहा.

उत्तराकडे डोळे लावून बसले आहे. माया आहे तशीच राहू द्यावी.

तुमची धाकटी,
कल्याणी

सेतीफ, अल्जेरिया
१६ जानेवारी १९९२

चि. सौ. कल्याणीस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

तात्यांना आपला चहा गोड लागला, हे वाचून हसलो. माझ्या पत्रांत चहात साखर जास्त म्हणून तक्रार असायची, ती मागे घेतो.

इथली गोष्ट निराळी आहे. कुराणाच्या कायद्याने राज्य चालवू म्हणणारी इस्लामी आघाडी पहिल्या फेरीत भरघोस निवडून आली. दुसरी फेरी होण्याआधी लष्कराने निवडणूकच रद्द केली. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. शाळेतल्या जोहराबाई आनंदाने रडल्या. त्यांना धास्ती होती की नोकरी जाईल, घरी बसावं लागेल. ज्यांचे काही पुढारी लोकशाही म्हणजे पाखंड म्हणतात, ते एकदा सत्तेवर आले की पुन्हा मतदान होऊ देतील कशावरून? आमच्याच शाळेतला मुराद मात्र चिडला आहे. मला कावीळ झाली तेव्हा रोज डबा आणणारा हाच मुराद. त्याने आघाडीला मत दिलं, मतदान केंद्रावर त्यांच्या वतीने बसलाही. म्हणतो, जुन्या पक्षाने तीस वर्षं खाल्लं आणि नळाला पाणी नाही. गेल्या वर्षी कुवेतसाठी विमानं पाठवणारे पाश्चात्त्य देश आमच्या मतांसाठी साधा घसा तरी खाकरतात का, असं त्याने विचारलं. मी विषय बदलला.

तुझ्याबद्दल सांगायचं तर माघार घे. गाव अजून तयार नाही. तू एकटी पडशील, मी इतक्या लांब, मला झोप लागत नाही. तू माघार घेशील असं मी तात्यांनाही पत्राने कळवलं आहे.

प्रकृतीला जप. भावावरचा राग फार दिवस धरू नकोस.

तुझा,
सोमनाथ

जांभूळदरा
२ फेब्रुवारी १९९२

ती. भाऊ यांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र तात्यांना माझ्या आधी पोचलं. ते त्यांनी देवळात वाचून दाखवलं. आता वस्तीतले लोक म्हणतात, भावानं शब्द दिला, विषय संपला. मला कुणी विचारत नाही. तुम्हीही विचारलं नाहीत.

राग आला आहे, तो लपवत नाही. तात्या आपल्याबद्दल जे म्हणतात, तेच तुम्ही त्या आघाडीबद्दल लिहिलंत. ह्यांच्या हातात कारभार गेला तर काय करतील सांगता येत नाही, म्हणून आत्ता मतदान नको. जोहराबाईंची भीती मला कळते. मीही त्या आघाडीला मत दिलं नसतं. पण मत द्यायचं, आणि निकाल मनाजोगा लागला तरच मोजायचं, याला काय म्हणावं? फ्रान्स-अमेरिकेचं एक वेळ सोडा, त्यांना तिथलं तेल आणि गॅस दिसतं. तुम्हाला मुराद दिसायला हवा होता.

गुरुवारी मुदत संपते. माझा अर्ज राहिला तर तुमचा शब्द खाली पडतो. गावात वडिलांचं नाव अजून त्या शब्दावर चालतं. काय करावं सुचत नाही.

मोठेपणाने समजून घ्यावं.

कल्याणी

सेतीफ
१८ फेब्रुवारी १९९२

चि. सौ. कल्याणीस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

मुरादला पकडून नेलं. वाळवंटात छावण्या उघडल्या आहेत, तिकडे नेलं म्हणतात. त्याने बंदूक कधी हातात धरली नाही. त्याची बायको रोज शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहते आणि मला त्याच्याबद्दल विचारते. मी मान खाली घालतो. जोहराबाईंनी आपल्या वाटचा डबा तिच्या हातात दिला आणि वर्गात जाऊन दार लावून घेतलं.

आघाडी जिंकू नये असं मला आजही वाटतं. पण तिला मतपेटीत हरवायचं होतं. आता गल्लीगल्लीत सुडाची भाषा ऐकू येते.

तुझ्या वतीने शब्द द्यायचा मला अधिकार नव्हता. तो परत घेतल्याचं तात्यांना आजच लिहितो. गुरुवार टळून गेला आहे हे कळतं. तरी तू माझं ऐकलं नसशील, या आशेवर आहे.

लवकर लिही. मन थाऱ्यावर नाही.

सोमनाथ

जांभूळदरा
८ मार्च १९९२

ती. भाऊ यांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र काल मिळालं. मी तुमचं ऐकलं होतं. त्या गुरुवारी तात्यांच्याच जीपमधून घोडेगावला तहसील कचेरीत गेले आणि माघारीच्या अर्जावर सही केली. येताना कळंबला थांबून त्यांनी पेढे घेतले. गावात गुलाल उधळला, माझ्याही कपाळाला लावला.

मतदानाच्या ठरल्या दिवशी सकाळी आपल्या वस्तीतली धोंडाबाई धुतलेलं लुगडं नेसून शाळेपाशी गेली. बिनविरोध झाल्यावर मतदान नसतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. शाळेला कुलूप. ती दुपारपर्यंत पायरीवर बसून राहिली. मी आणायला गेले तेव्हा म्हणाली, “कल्याणे, तुझ्यावर शिक्का मारायचा व्हता. आमी आता कुटं मारायचा?”

मला तिला काही सांगता आलं नाही, भाऊ. तुम्हाला सांगता आलं तर मुरादच्या बायकोला आधी सांगा, मग मला कळवा.

लोभ कमी झालेला नाही, तुम्हीही होऊ देऊ नये.

तुमची,
कल्याणी