चार नंबरचं झाड

२३ जून

यूनिस येऊन गेली. जंगल कचेरीची गाडी अंगणात वळली तेव्हा मी खिडकीचा पडदा ओढला. दोन वर्षांपूर्वी आर्व्हिड गेला तेव्हा त्याच्या वस्तू घेऊन हीच गाडी आली होती.

म्हणाली, "मॅरिट, डोंगरधारेवर जायची बंदी उठली. चार नंबरचं झाड अजून ठणठणीत आहे. बाकी सगळ्या पाइनना तांबेरा लागलाय. यंदा त्याला शंकू धरलेत, आणि साल पोखरणारे भुंगेरे खालच्या उतारापर्यंत पोचलेत. पुढच्या वर्षी ते झाड असेल की नाही, सांगता येत नाही. बी यंदाच हवं."

दुसरं कोणी पाठव म्हटलं.

"दुसरं आहे कोण? शेंड्यापर्यंत चढणारे तुम्ही दोघंच."

मग तिच्या लक्षात आलं. उठून स्वतःचा कप विसळून ठेवला. अर्धी कॉफी तशीच ओतून दिली.

२४ जून

नाही जाणार.

२६ जून

ऑरिन आला. सोबत हरणाच्या मांसाचा डबा – मी जेवते की नाही हे बघायची त्याची ही रीत. म्हणाला, "वहिनी, मीच चढलो असतो. पण हा गुडघा! आपल्या पाइनचा शंकूसुद्धा आपण होऊन खाली पडत नाही. मी मात्र पडेन."

हसू आलं. खूप दिवसांनी.

नंतर गंभीर झाला. "दादाने ते झाड नऊ वर्षं सांभाळलं. दहा जुलैच्या आत शंकूंवर जाळीचे पिंजरे बांधले नाहीत तर सगळं बी पाखरांचं. मी खाली अस्वलं पळवायचा फवारा घेऊन उभा राहतो. तू फक्त वर बघ."

हो म्हणाले. तो गेल्यावर दाराची कडी लावली, पुन्हा उठून पाहिली.

२७ जून

चढायचा पट्टा शोधायला ट्रंक उघडली. कचेरीने परत दिलेलं पाकीट वरच होतं. घड्याळ. चाकू. उजव्या हाताचा हातमोजा. डावा सापडलाच नाही. अस्वलाने नेला असेल, म्हणून मी कधी विचारलं नाही.

त्याचा पट्टाही आहे. सापडला तेव्हा कमरेलाच होता. माझ्या पट्ट्याची शिवण उसवलीय. त्याचाच वापरावा लागेल. तीन भोकं पुढे आवळून.

३० जून

झोप नाही. इथे कोणी वाचणार नाही, म्हणून लिहिते.

त्या वर्षी जुलैमध्ये माझी पाठ धरली होती. पिंजरे त्याने एकट्याने बांधले, तेही उशिरा. कोणत्या झाडावर किती, मी विचारलं नाही. सप्टेंबरात काढणीला गेलो तर उघड्या शंकूंतलं बी पाखरांनी नेलेलं. दुपारपर्यंत तीन झाडं झाली आणि दोन पोती कमी. मी दमले होते. लव्हाळीत बसून भाकरी-चीज खाताना म्हणाले, "झोपा काढत बांधलेस ना पिंजरे? आता जा खारीच्या दारी भीक मागायला."

खारी शंकू कुरतडून पाडतात आणि ढीग करून पुरतात. जुन्या लोकांनी तेच उकरून पोती भरली. सोपं काम. पण शरदात अस्वलंही तेच उकरायला येतात, म्हणून आता मनाई आहे. हे इथल्या पोरासोरांना ठाऊक. मलाही ठाऊक होतं.

तो हसला. म्हणाला, "तू पड जरा." आणि गेला. मी टोपी तोंडावर घेऊन झोपले. त्याच्या ओरडण्याने जागी झाले.

खारीच्या साठ्यावरच सापडला. कचेरीच्या कागदावर लिहिलंय – मनाई असताना साठा उकरायला गेला. स्वतःची चूक. ऑरिन तो कागद अजून मानत नाही. "दादा असं करणार नाही," म्हणतो. मी गप्प बसते. त्याला कोणी पाठवलं, हे मला ठाऊक आहे.

२ जुलै

वर गेलो. आज फक्त भुंगेऱ्यांची पाकिटं ठोकायची होती. खोडावर ती लावली की वासाने भुंगेऱ्यांना वाटतं, हे झाड भरलंय, इथे जागा नाही. पुढच्या झाडाकडे जातात. आपल्यालाही असं एखादं पाकीट छातीवर लावता आलं असतं तर.

अर्धं जंगल करडं पडलंय. उभी मेलेली झाडं, वारा आला की कुरकुरतात. प्रत्येक आवाजाला मी मागे वळले. खाली लव्हाळी मात्र तशीच, हिरवीगार. बर्फ हटतं तेव्हा ती आधीच हिरवी असते. वर कोण मेलं याच्याशी तिला देणंघेणं नाही.

लव्हाळीत एका जागी पाइनची तीन रोपं बुडाशी चिकटून उगवलेली. पाखराने पुरून विसरलेलं बी. बोटाएवढी आहेत. ऑरिन ओलांडून गेला, मी वळसा घातला.

चार नंबरच्या सालीत केस अडकले होते. तपकिरी, टोकाला पांढरट. ऑरिनने वास घेतला.

"जुने आहेत," म्हणाला.

"खोटं बोलू नकोस."

"बरं. या आठवड्यातले."

मी खोडाला पाठ लावून उभी राहिले. बाकीची पाकिटं त्यानेच ठोकली, गुडघा घासत. साठ्याच्या बाजूला मी पाहिलं नाही.

४ जुलै

गावात स्वातंत्र्यदिनाचे फटाके. पहिल्या आवाजाला टेबलाखाली गेले. छप्पन्न वर्षांची बाई.

५ जुलै

पाऊस आणि गारा. मनातून बरं वाटलं. त्याची लाज वाटली.

६ जुलै

चढले.

ऑरिन खाली सारखा बडबडत होता, माणसं आहेत हे अस्वलाला कळावं म्हणून. आधी हवामान, मग मेंढ्यांचे भाव, मग त्याच्या बायकोच्या हातचा केक. "विटेसारखा असतो वहिनी, अस्वलाला फेकून मारला तर फवारा नको!" मी फांद्या मोजत होते. अर्ध्यावर थांबले. पट्टा खोडाला अडकवून डोळे मिटले. रेझिनचा वास, आर्व्हिडच्या शर्टांना यायचा तोच. खालून आवाज आला, "वहिनी, थांबलीस का?" पुढची फांदी धरली.

शेंड्याजवळ पाने दाट झाली. तिथे काहीतरी चमकलं. जाळी.

पिंजरे. जुने, गंजायला लागलेले. फांद्यांच्या टोकांना पक्के बांधलेले, तारेला आर्व्हिडचा तो उलटा पीळ. अकरा मोजले. प्रत्येकात शंकू, दोन वर्षांत वाळून काळपटलेले. हलवला तर आत बी वाजत होतं. खालून यातलं काही दिसत नाही.

बारावा अर्धाच सुटलेला. तार एका बाजूला लोंबकळत होती. शेजारच्या फांदीला पोतं बांधलेलं, खारींनी फाडून रिकामं केलेलं. आणि फांदीच्या बेचक्यात खोचलेला हातमोजा. डाव्या हाताचा. पीळ सोडताना तो डावाच काढायचा.

तो ओढून काढला. ऑरिन हाका मारत होता. "पोचले" एवढंच म्हणाले. नवे पिंजरे बांधले, चौतीस. हात आपोआप चालत होते. जुने तसेच राहू दिले. हातमोजा शर्टात घालून उतरले.

खाली आल्या आल्या ऑरिन म्हणाला, "आधी पट्टा सोड वहिनी, आकडे कशात तरी अडकतील." आम्ही सगळे हेच करतो. जमिनीला पाय लागला की आधी पट्टा.

आर्व्हिडने सोडला नव्हता.

७ जुलै

ऑरिनला पुन्हा वर नेलं. त्या दिवशी मी झोपले होते त्याच जागी, लव्हाळीत, त्याला बसवलं. कारण विचारलं नाही त्याने. मी शेंड्यापर्यंत चढले. फांद्या बाजूला केल्या. त्याची लाल टोपी स्पष्ट दिसली. झाड आणि टोपी यांच्या मधोमध खारीचा साठा.

तो बी आणायला उतरला नव्हता. वरून त्याला माझ्या दिशेने जाणारं अस्वल दिसलं असणार. तो माझ्याकडे येत होता.