खालचा कोणता, वरचा कोणता

८ ऑक्टोबर, मंगळवार

आईने माझे दगड घासले. साबण लावून, तारेच्या घासणीने.

दीक्षाभूमीसाठी गावाकडची माणसं परवापासून येतील. दरवर्षी आमच्या हुडकेश्वरच्या दोन खोल्या भरून जातात. म्हणून सफाई निघाली, आणि खाटेखालच्या माझ्या पिशव्याही. एकीवर लिहिलं होतं ‘खालचा’, दुसरीवर ‘वरचा’. पिशव्या कचरागाडीत गेल्या. दगडांवरच्या मार्करच्या खुणा पुसल्या गेल्या. आता दोन्ही काळे बेसाल्ट टीव्हीजवळ ताटात, जुळ्यांसारखे.

आईला वाचता येत नाही. पिशव्यांवरची माझी अक्षरं तिला धुळीइतकीच वाटली असणार.

“पाह्य वं, कसे चमकून राहिले. किती माती होती त्याइले.”

“छान दिसतात,” मी म्हटलं.

९ ऑक्टोबर

नीट विचार करते. वाडीच्या पुढच्या खदानीत दोन लाव्हांच्या मधे मातीचा पट्टा होता, त्यात गोगलगायींचे शंख. शंखांचं वय थेट निघत नाही. खालचा लाव्हा त्यांच्या आधी वाहिला, वरचा नंतर. लाव्हा थिजला की त्यातल्या पोटॅशियमचा अगदी थोडा भाग सावकाश आर्गॉन वायू होत जातो आणि आतच अडकून राहतो. तो किती साठला ते मोजलं की दगडाचं वय कळतं — साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. दोन्ही वयं हाती आली की शंखांचा काळ त्यांच्या मधे पकडता येतो.

धुण्याने वय बिघडत नाही. ओळख गेली. आणि सोमवारी दगड प्रयोगशाळेत जायचे आहेत. वर्षभर थांबून नंबर लागलाय.

संघपालदादाला सांगितलं. तो जेवत होता. “मंग रडून काहून राहिली? पाठव दोन्ही. जो बुढा निघंन तो खालचा.”

हसू आलं. पण ते चालत नाही. जो म्हातारा निघेल त्याला मीच खालचा ठरवला, तर दगडाला विचारलं काय?

१० ऑक्टोबर

दादाच्या गाडीवर खदानीत गेले. पुन्हा तुकडे काढू म्हटलं. ती भिंतच नाही — सुरुंगाने पाडली. तिथला सुपरवायझर म्हणाला, “मॅडम, तुमचा तो पट्टा गिट्टी होऊन कधीचाच रोडवर गेला.”

येताना दादाला बजावलं, आईला कळू द्यायचं नाही. कळलं तर ती माझ्या कुठल्याच वस्तूला पुन्हा हात लावणार नाही. लहानपणी शाळेची पुस्तकं कापडात बांधून ठेवायची ती. अजूनही माझ्या टेबलावरून पदर फिरवते. ते थांबलं तर मला सहन होणार नाही.

११ ऑक्टोबर

गर्दी झाली. आई प्रत्येकाला ताट दाखवते. “माह्या पोरीचे हायेत. करोडो वर्षांचे. हात नको लावू गा.”

१२ ऑक्टोबर

दीक्षाभूमीवर सगळे. आई दोनदा मागे राहिली, दादाला घेऊन. पाय दुखतात म्हणाली.

१४ ऑक्टोबर, सोमवार

माझ्या संशोधनाच्या मार्गदर्शक उत्तरा मॅडमना सांगितलं — नमुन्यांची ओळख गेली, ते पाठवता येणार नाहीत. इथपर्यंत खरं. मग म्हटलं, “मीच धुतले. पिशव्याही मीच टाकल्या.”

मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला. “तू?”

“हो.”

“बरं. नंबर दुसऱ्याला जाईल. आपण नवी जागा शोधू.” रागावल्या नाहीत, त्याने जास्तच अवघडले. दगडाबद्दल खोटं लिहायला हात धजला नाही, आणि माणसाबद्दल किती सहज बोलून गेले.

घरी आले तर आई माझं टेबल पुसत होती. बरं वाटलं.

१५ ऑक्टोबर

मॅडमनी बोलावून घेतलं. “सांगणार नव्हते, पण तुला खोटं पेलत नाही. तुझ्या आईचा फोन आला होता शनिवारी, त्या गर्दीतून. म्हणाल्या — पोरीले बोलू नका मॅडम, दगड म्या धुतले. अन् मले समजलं हे तिले सांगू नका, ती मले लय जपून राहिली.”